मधला मजला

अमेरिकेतल्या कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या रुग्णालयात आयसीयू आणि साधा वॉर्ड यांच्यामध्ये एक विभाग असतो. गावागणिक त्याच्या दारावरची पाटी बदलते. कुठे पीसीयू, कुठे स्टेप-डाऊन, कुठे आयएमसी, तर कॅलिफोर्नियात काही ठिकाणी डीओयू. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतला एचडीयू हा याच्याच जवळचा प्रकार. इथल्या रुग्णाला बहुधा व्हेंटिलेटर लागत नाही, पण त्याला रात्रभर निवांत झोपू द्यावं अशीही त्याची अवस्था नसते.

इथे रुग्ण दोन वाटांनी येतात. काही आयसीयूतून सुधारून उतरलेले, काही वॉर्डातून बिघडून आलेले. दोघे शेजारशेजारच्या खोल्यांत निजलेले असतात. दोघांच्याही छातीवर मॉनिटरच्या तारा, दोघांच्याही हाताला ड्रिप. एक परवा घरी जाणार असतो, दुसरा पहाटेपर्यंत आयसीयूत जाणार असतो. कोण कुठल्या दिशेला निघालाय हे वेळेत ओळखणं, हे या मजल्यावरच्या नर्सचं खरं काम. गोळ्या, सुया, नोंदी हे सगळं त्या ओळखण्याच्या पोटात येतं.

मी पुण्यात बीएस्सी नर्सिंग केलं, लग्नानंतर टेक्सासला आले, वर्क परमिट येईपर्यंत घरी बसून एनक्लेक्स या परवाना परीक्षेचा अभ्यास केला आणि पुढे याच मजल्यावर रुजले. गेली काही वर्षं मी हे काम ट्रॅव्हल नर्स म्हणून करते. म्हणजे मी एका रुग्णालयाच्या कायम नोकरीत नाही. जिथे माणसं कमी पडतात तिथे एजन्सीमार्फत जाते, बहुतेक वेळा १३ आठवड्यांच्या करारावर, आठवड्याला १२ तासांच्या ३ ड्यूट्या. करार संपला की गाव बदलतं. या कामाविषयी दोन समज मी सतत ऐकते. एक, की हे सगळं पैशासाठी चालतं. दुसरा, की परक्या नर्सच्या हातात रुग्ण देणं धोक्याचं असतं. दोन्हींत थोडं तथ्य आहे. पण या मजल्यावर रुग्ण सुखरूप राहतो की नाही, हे ज्या गोष्टीवर ठरतं ती तिसरीच आहे. त्या रात्री त्या नर्सकडे किती रुग्ण आहेत, ही ती गोष्ट.

रात्रीची ड्यूटी बहुतेक ठिकाणी पावणेसातच्या सुमारास सुरू होते. दिवसाची नर्स खाटेपाशी उभी राहून रिपोर्ट देते. समजा, पहिल्या खोलीत एट्रियल फिब्रिलेशनचा रुग्ण आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडलेली, ठोके मिनिटाला १५०. त्याला अमिओडॅरोन सुरू आहे. या औषधाचं वेळापत्रक ठरलेलं असतं. पहिल्या १० मिनिटांत १५० मिलिग्रॅम, मग ६ तास मिनिटाला १ मिलिग्रॅम, पुढचे १८ तास मिनिटाला अर्धा मिलिग्रॅम. औषध संध्याकाळी ७ ला सुरू झालं असेल तर रात्री १ ला पंपाचा वेग मी स्वतः उतरवायचा असतो. त्याआधी रक्तदाब कोसळला, ठोके अचानक चाळिशीत आले, तर डॉक्टरांना उठवायचं.

दुसऱ्या खोलीत फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली बाई. तिला हेपरिन. दर ६ तासांनी रक्त तपासायचं आणि निकालाप्रमाणे वेग वाढवायचा किंवा कमी करायचा. मूळ पिशवी संध्याकाळी लावलेली, त्यामुळे तिचीही तपासणी नेमकी रात्री १ च्या आसपास येते. तिसऱ्या खोलीत साखर भडकून रक्तात आम्ल साठलेला तरुण. त्याला इन्सुलिनची ड्रिप, म्हणजे दर तासाला बोट टोचून साखर पाहायची. पोटॅशियम उतरतंय का, यावर वेगळं लक्ष.

हे तीन रुग्ण आहेत. तिघांची कामं एकाच घटकेला येऊ शकतात आणि येतातच. तरीही तिघांपर्यंत एक नर्स नीट पोचते. आता यात चौथी आणि पाचवी खोली मिळवा. चौथ्या खोलीत काळी संडास झालेला, पोटात रक्तस्राव होत असलेला माणूस. पाचव्या खोलीत दुपारी मांडीतून अँजिओप्लास्टी झालेले आजोबा, ज्यांना पाय सरळ ठेवायला सांगितलंय आणि जे दर १० मिनिटांनी उठून बसतात.

माझ्या मते या मजल्यावरचं सगळ्यात मोठं कौशल्य म्हणजे खोलीत दोन मिनिटं काहीही न करता उभं राहता येणं, आणि पाच खोल्या झाल्या की नेमका त्यालाच वेळ उरत नाही. सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा एक रुग्ण मला आठवतो. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलते आहे. संध्याकाळभर त्याची चिडचिड चालली होती. श्वासाला मदत करणाऱ्या बायपॅप यंत्राचा मास्क तो सारखा ओढून काढत होता, मला बाहेर जा म्हणत होता. रात्री दोनच्या सुमारास शांत झाला. त्याच्या बायकोला हायसं वाटलं, अखेर डोळा लागला म्हणून. ऑक्सिजन ९५ टक्के, रक्तदाब ठीक, मॉनिटरवर एकही लाल आकडा नाही. मी तिथे उभी राहून त्याचे श्वास मोजले. पूर्ण एक मिनिट. दहाच भरले आणि तेही वरवरचे. खांद्याला हलवलं तर डोळे किलकिले झाले आणि मिटले. हाक मारली तर नाव सांगेना. रेस्पिरेटरी थेरपिस्टला बोलावलं, रक्तातल्या वायूंची तपासणी झाली. कार्बन डायऑक्साइड भरमसाट साठला होता. ती झोप नव्हती, ती गुंगी होती. बोटाला लावलेली क्लिप ऑक्सिजन सांगते, कार्बन डायऑक्साइड सांगत नाही. त्या रात्री माझ्याकडे तीनच रुग्ण होते. पाच असते तर ९५ हा आकडा बघून मी दारातूनच मागे फिरले असते, आणि चार्टवर 'रुग्ण शांत झोपला आहे' अशी नोंद झाली असती.

हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. १९९० साली 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा पण फार महत्त्वाचा अभ्यास आला. रुग्णालयात हृदय बंद पडलेल्या ६४ रुग्णांच्या नोंदी मायामीच्या डॉक्टरांनी मागे जाऊन तपासल्या. त्यातल्या ८४ टक्के रुग्णांमध्ये आधीच्या ८ तासांत बिघाडाची खूण नोंदलेली होती. श्वास वाढला होता, भान हरपत चाललं होतं, नवी तक्रार सुरू झाली होती. हृदय बहुधा अचानक बंद पडत नाही, आधी तासन्‌तास सूचना देतं. याच जाणिवेतून ऑस्ट्रेलियात सिडनीच्या लिव्हरपूल हॉस्पिटलमध्ये १९९० साली एक पथक तयार झालं. नर्सला काळजी वाटली की तिने त्याला बोलवायचं, हृदय थांबायची वाट पाहायची नाही. आज अमेरिकेत बहुतेक रुग्णालयांत असं रॅपिड रिस्पॉन्स पथक आहे. पण ते बोलवायला कुणीतरी आधी खोलीत उभं असावं लागतं.

मग मॉनिटर कशाला आहेत, असं कुणी विचारेल. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या १५ खाटांच्या एका प्रोग्रेसिव्ह केअर विभागात, म्हणजे पीसीयूत, १८ दिवस मॉनिटरचे अलार्म मोजले गेले होते. अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. दिवसाला सरासरी ९४२ अलार्म, म्हणजे साधारण दर दीड मिनिटाला एक. यातले बहुसंख्य अलार्म कुणी कूस बदलल्याचे, तार निघाल्याचे, घामाने पट्टी सुटल्याचे असतात. कान हळूहळू ते ऐकेनासा होतो. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१४ पासून अलार्म आटोक्यात ठेवणं हे सुरक्षेचं राष्ट्रीय उद्दिष्टच ठरवलं. काही ठिकाणी मॉनिटर बघणारा तंत्रज्ञ याच मजल्यावर बसतो, काही ठिकाणी दुसऱ्या इमारतीत. त्याचा फोन येतो, '१२ नंबरची लय बघा.' बघायला जाणारे पाय मात्र नर्सचेच.

नव्या गावात पोचण्याआधी महिनाभर कागदपत्रांचा डोंगर असतो. कौशल्यांच्या लांबलचक याद्या भरायच्या, त्यात प्रत्येक कामापुढे स्वतःला गुण द्यायचे. हृदयाच्या लयींची परीक्षा, जीवरक्षणाच्या बीएलएस आणि एसीएलएस प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं, गोवर-कांजिण्यांच्या प्रतिकारशक्तीचे रिपोर्ट, क्षयरोगाची तपासणी, लघवीत अमली पदार्थ नाहीत याची चाचणी, एन-९५ मास्क चेहऱ्यावर नीट बसतो की नाही याची चाचणी. परवाना राज्यागणिक वेगळा लागतो, पण २००० सालापासून काही राज्यांनी परस्परांचा परवाना मानायला सुरुवात केली. २०१८ च्या जानेवारीत त्या कराराची नवी आवृत्ती आली आणि आज चाळीसहून अधिक राज्यं-प्रदेश त्यात आहेत. टेक्सासचा परवाना असल्यामुळे ॲरिझोना, फ्लोरिडा, टेनेसी माझ्यासाठी खुली आहेत. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क त्यात नाहीत. तिथे वेगळा अर्ज, वेगळे बोटांचे ठसे आणि बरीच वाट पाहणं.

कायम नोकरीत येणाऱ्या नर्सला नव्या जागी कित्येक आठवडे दुसऱ्या नर्सच्या हाताखाली ठेवतात. ट्रॅव्हल नर्सला कॉम्प्युटरचा एक वर्ग आणि सोबतीने एक-दोन ड्यूट्या, इतकंच. तिसऱ्या रात्री रुग्ण तिचे. काम तिला येत असतं. तिला माहीत नसतं ते भोवतालचं. हृदय बंद पडलं तर लागणारी क्रॅश कार्ट कुठल्या कोपऱ्यात आहे, औषधांच्या यंत्रात हेपरिन कुठल्या कप्प्यात आहे, रात्री रक्ताची पिशवी आणायला कोण जातं, कुठल्या डॉक्टरांना फोन करायचा आणि कुणाला नुसता मेसेज पाठवायचा. म्हणून मी पहिल्या रात्री अर्धा तास आधी जाते आणि क्रॅश कार्ट, ऑक्सिजनची नळी, सक्शन आणि जिना एवढं स्वतः चालून बघते. मग नर्सिंग असिस्टंटशी ओळख करून घेते. आपल्याकडच्या वॉर्डात जे मावशींना आणि मामांना माहीत असतं, ते इथे नर्सिंग असिस्टंटला माहीत असतं. अमुक खोलीतल्या बाईंनी आज जेवणाला हात लावला नाही, ही बातमी मला चार्टमधून नव्हे, तिच्याकडून कळते.

परकेपणाची उणीव खरी कुठे जाणवते याचं एक उदाहरण फ्रेझ्नोचं आहे. कॅलिफोर्नियाची सेंट्रल व्हॅली म्हणजे बदाम, द्राक्षं, टोमॅटो यांची शेती, उन्हाळ्यात धुळीने भरलेली हवा आणि हिवाळ्यात जमिनीलगत बसणारं टुली धुकं, ज्यात ड्यूटीवरून घरी परतताना पुढच्या गाडीचे दिवेही दिसत नाहीत. तिथे माझ्याकडे न्यूमोनियाचा एक शेतमजूर होता. दोन अँटिबायोटिक झाली तरी ताप उतरेना, ऑक्सिजनची गरज वाढत चाललेली. तिथल्या जुन्या नर्सने रिपोर्ट ऐकल्या ऐकल्या विचारलं, कॉक्सीची तपासणी पाठवली का? मला प्रश्नच कळला नाही. त्या भागातल्या मातीत एक बुरशी असते, तिचंच हे छोटं नाव. नांगरट झाली, वारा सुटला की तिचे कण श्वासातून फुप्फुसात जातात. तो 'व्हॅली फीव्हर'. ॲरिझोनातही हाच रोग सर्रास आढळतो. पुस्तकात मी तो वाचला होता, पण धूळ बघून तो आठवण्याची सवय तिथे राहणाऱ्यांनाच असते. तपासणी रात्रीच गेली.

यावरून परकी नर्स म्हणजे धोका, असं म्हणता येईल का? पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. एजन्सीच्या नर्सचं प्रमाण जास्त असलेल्या रुग्णालयांत मृत्यू थोडे अधिक दिसतात हे खरं. पण त्या रुग्णालयांतली कामाची परिस्थिती हिशेबात धरली, की हा फरक उरत नाही. २०१३ सालचा हा निष्कर्ष आहे. म्हणजे बाहेरून माणसं बोलवायची वेळ जिथे येते, तिथे आधीच काहीतरी बिनसलेलं असतं. फ्रेझ्नोच्या त्या मजल्यावर रिपोर्ट ऐकून प्रश्न विचारायला त्या जुन्या नर्सला फुरसत होती, हे मला फार मोलाचं वाटतं. तिला फुरसत होती, कारण तिच्याकडेही तीनच रुग्ण होते. आणि ते कुणाच्या मेहेरबानीने नव्हते.

कॅलिफोर्नियातल्या नर्सच्या संघटनांनी वर्षानुवर्षं आंदोलन करून १९९९ साली कायदा करून घेतला. गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी त्यावर सही केली आणि २००४ च्या जानेवारीपासून तो लागू झाला. एका नर्सकडे जास्तीत जास्त किती रुग्ण असावेत याचे आकडे प्रत्येक विभागासाठी ठरले. आयसीयूत २, साध्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात २००५ पासून ५, हृदयाची लय सतत मॉनिटरवर पाहणाऱ्या टेलिमेट्री विभागात २००८ पासून ४ आणि स्टेप-डाऊनमध्ये २००८ पासून ३. मधल्या काळात गव्हर्नर अर्नॉल्ड श्वार्झनेगर यांनी अंमलबजावणी लांबवायचा प्रयत्न केला. ते जिथे भाषणाला जात तिथे नर्स फलक घेऊन उभ्या राहू लागल्या, प्रकरण कोर्टात गेलं आणि सरकारला माघार घ्यावी लागली.

या कायद्यातला मला सर्वांत शहाणपणाचा वाटणारा भाग असा, की हे आकडे प्रत्येक क्षणाला लागू असतात. म्हणजे मी अर्धा तास जेवायला गेले तर माझे तीन रुग्ण शेजारच्या नर्सच्या तीन रुग्णांत मिसळून सहा करायचे नाहीत. त्यासाठी वेगळी ब्रेक नर्स हवी. पहिल्यांदा कॅलिफोर्नियात गेले तेव्हा एक अनोळखी बाई रात्री बारा वाजता येऊन म्हणाली, 'मला रिपोर्ट दे आणि जेवून ये.' टेक्सासमध्ये मी खिशात ग्रॅनोला बार ठेवून ड्यूट्या काढलेल्या. जेवणाच्या खोलीत टेबलाशी बसून मला काय करावं ते सुचेना.

ओरेगॉनने २०२३ साली असाच कायदा केला. मॅसॅच्युसेट्समध्ये आयसीयूपुरता आहे. पण तिथेच २०१८ साली सगळ्या विभागांसाठी आकडे ठरवण्याचा प्रस्ताव मतदारांसमोर आला तेव्हा तो पडला. रुग्णालयांचं म्हणणं असं, की नर्स मिळतच नाहीत, आकडे सक्तीचे केले तर खाटा बंद ठेवाव्या लागतील. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही, छोट्या गावातल्या रुग्णालयांसाठी तर नाहीच. पण कॅलिफोर्नियातली रुग्णालयं वीस वर्षं हे पाळून चालू आहेत, हेही समोर आहे. बहुतेक राज्यांत मात्र असा आकडा नाही. तिथे पीसीयूत चार रुग्ण हे नेहमीचं आणि पाच हे अधूनमधूनचं, अशी स्थिती मी पाहिली आहे.

१२ तासांची मिनिटं ७२०. तिघांत वाटली तर एकेकाला २४०, पाचांत वाटली तर १४४. त्यातून औषधं काढणं, नोंदी, फोन, चालणं, वेगळ्या खोलीत ठेवलेल्या रुग्णासाठी दर वेळी गाऊन-हातमोजे चढवणं-उतरवणं वजा करा. उरतं ते खाटेपाशी उभं राहणं. पाच रुग्ण झाले की सर्वांत आधी तेच जातं. इंजेक्शन चुकत नाही, कारण ते चुकलं तर कॉम्प्युटर लाल होतो. श्वास मोजायचे राहिले तर काहीच लाल होत नाही. एकन यांचा २००२ सालचा गाजलेला अभ्यास पेन्सिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांतल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरचा आहे. नर्समागे एकेक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत होती. ते ७ टक्के कुठून येतात, हे मला रात्री दोनच्या त्या खोलीत कळलं.

पैशाबद्दल आता थोडक्यात. ट्रॅव्हल नर्सचा पगार दोन भागांत येतो. एक तासाचा करपात्र दर, तो दिसायला कमीच असतो, आणि दुसरा राहण्या-जेवणाचा भत्ता. हा भत्ता करमुक्त राहायचा तर तुमचं खरं घर दुसरीकडे असावं लागतं, त्याचा खर्च तुम्हाला चालू ठेवावा लागतो आणि एकाच गावात वर्षाहून जास्त काळ काढता येत नाही. माझं घर, नवरा, देव्हारा टेक्सासमध्ये आहे, म्हणून मला हे जमतं. दिवाळीला मी नेहमी घरी असतेच असं नाही.

२०२० च्या वसंतात न्यूयॉर्कमध्ये कोविडचा कहर होता, तेव्हा आठवड्याला दहा हजार डॉलरपर्यंतच्या जाहिराती आल्या. पुढची दोन वर्षं प्रत्येक लाटेबरोबर पगाराचे दर चढत-उतरत राहिले. २०२२ च्या जानेवारीत संसदेच्या जवळपास २०० सदस्यांनी एजन्स्यांच्या दरांची चौकशी करा, असं पत्र व्हाइट हाऊसला लिहिलं. त्याच वर्षी दर कोसळले. करार अर्धा झालेला असताना 'उद्यापासून कमी दराने काम कर, नाही तर करार संपला' असा फोन मलाही आला. मी थांबले, कारण घराचं भाडं भरलेलं होतं. आज माझ्या विभागातले बरेच करार आठवड्याला दोन-अडीच हजार डॉलरच्या आसपास असतात.

त्या दिवसांनी एक जखम मागे ठेवली. एकाच मजल्यावर, एकाच रात्री, वीस वर्षं तिथे काम केलेल्या नर्सपेक्षा आठवड्यापूर्वी आलेल्या मला कितीतरी जास्त पैसे मिळत होते. ते तिला माहीत होतं आणि तरीही तिनेच मला कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते दाखवलं. तिच्यासारख्या अनेक जणी पुढे नोकरी सोडून स्वतःच ट्रॅव्हल नर्स झाल्या. रुग्णालयांनी तोच पैसा आधीच आपल्या माणसांना टिकवण्यात घातला असता, तर मला बोलवायची वेळ निम्म्या ठिकाणी आली नसती, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. यात माझ्या पोटावर पाय येतो हे कबूल आहे. जास्त पैसे मी घेते, म्हणून दुसऱ्या विभागात माणसं कमी पडली की आधी ट्रॅव्हल नर्सला पाठवायचं, ही सगळीकडची रीत मी कधी मनाला लावून घेत नाही.

मराठी माणूस या मजल्यावर मला भेटतो तो बहुधा रुग्ण म्हणून. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील, पाहुण्यांसाठीचा तुटपुंजा विमा, आणि एक दिवस धाप लागते. अशाच एक आजी माझ्याकडे होत्या. हृदय अशक्त झालेलं, पायांना सूज, फुप्फुसात पाणी. मी मराठीत बोलले तेव्हा त्यांनी माझा हातच धरला. 'अगं बाळ, तू कुठली? कधीची कुणी नुसतं बोलायला भेटतंय का बघत होते.' त्यांच्या आहारात दिवसाला दोन ग्रॅमच सोडियम चालणार होतं, आणि सुनेने प्रेमाने आणलेल्या डब्यात मेतकूट, लिंबाचं लोणचं आणि भाजका पापड होता. मी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं की आजींसाठी हे औषधाच्या अगदी उलट आहे. भात आणा, वरण बिनमिठाचं आणा, लिंबू ताजं पिळा.

रात्री उशिरा, मुलगा घरी गेल्यावर, त्या हळूच म्हणाल्या की छातीत दुखणं चार दिवसांपासून आहे. 'त्याला सांगू नकोस गं, आधीच किती खर्च झालाय त्याचा.' दिवसभर डॉक्टरांचे प्रश्न मुलगाच त्यांना मराठीत सांगत होता आणि त्यांची उत्तरं इंग्रजीत परत देत होता. मुलासमोर त्या हे बोलणं शक्यच नव्हतं. घरच्यांना दुभाषा करू नये हा इथला नियम त्यासाठीच आहे. फोनवर मराठी दुभाषा मिळतो, कुठल्याही वेळी, रुग्णाला एक पैसा न पडता. मी आजींना समजावलं की डॉक्टरांपासून हे लपवता येणार नाही. लगेच ईसीजी काढला, डॉक्टरांना कळवलं. अँजिओग्राफीच्या संमतीसाठी मी मराठी बोलणारी असूनही फोनवर दुभाषाच लावला, कारण परीक्षा दिलेल्या दुभाषाशिवाय ते काम करायची मला परवानगी नाही. आई-वडिलांना इकडे बोलावणाऱ्या प्रत्येक मराठी घराला माझं सांगणं आहे, की रुग्णालयात दुभाषा मागा आणि तो बोलत असताना दहा मिनिटं खोलीबाहेर जा.

महाराष्ट्रातून थेट नर्स म्हणून इथे येणाऱ्या मुली मला क्वचित भेटतात. मुंबई-पुण्याच्या खासगी रुग्णालयांत जशा केरळच्या सिस्टर दिसतात, तशा त्या इथेही दिसतात. भारतीयांसाठी ग्रीन कार्डची रांग आज दहा वर्षांहून लांब आहे, म्हणून आम्हा मराठी नर्सपैकी बऱ्याच जणी माझ्यासारख्या नवऱ्यामागून आलेल्या. मिरजेच्या, नाशिकच्या मुली मला निरोप पाठवून विचारतात, ट्रॅव्हल नर्स कसं व्हायचं. मी त्यांना आधी विचारते की आत्ता तुझ्याकडे रात्री किती रुग्ण असतात. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ आणि इतरत्र ५ रुग्णांमागे १ नर्स असा आहे. सरकारी वॉर्डात नातेवाइकाच्या उशाशी ज्यांनी रात्र काढली आहे, त्यांना प्रत्यक्षातला आकडा मी सांगायला नको. त्या मुली तो आकडा सांगताना तक्रारही करत नाहीत. त्याचाच मला जास्त त्रास होतो. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर खासगी नर्सच्या पगाराची चर्चा निदान सुरू तरी झाली. हाताखालच्या रुग्णांच्या संख्येची चर्चा मराठी वर्तमानपत्रांत मला जवळजवळ कधीच दिसलेली नाही.

पुढचा करार मी हिवाळ्यासाठी बघते आहे. थंडीत उत्तरेकडचे म्हातारे ॲरिझोना-फ्लोरिडाच्या उबेला उतरतात, खाटा भरतात आणि एजन्सीचे फोन सुरू होतात. करार ठरण्याआधी त्या विभागाची मॅनेजर फोनवर पंधरा-वीस मिनिटं बोलते. तिला माझी परीक्षा घ्यायची असते आणि मला तिची. मॉनिटर कोण बघतं, ते मी विचारते. अमिओडॅरोन आणि इन्सुलिनची ड्रिप एकाच नर्सकडे देता का, रात्री रेस्पिरेटरी थेरपिस्ट किती मजल्यांना मिळून असतो, पाळीची प्रमुख असलेल्या चार्ज नर्सकडे स्वतःचे रुग्ण असतात का, हेही विचारते. पण सगळ्यांत आधी विचारते, एका नर्सकडे किती रुग्ण. 'चार, कधी कधी पाच' असं उत्तर आलं तर मी पुढे विचारते की गेल्या महिन्यात हे कधी कधी म्हणजे किती रात्री. काही मॅनेजर आकडा काढून सांगतात, सात रात्री म्हणतात, कारणही सांगतात. अशांकडे मी गेले आहे आणि पुन्हाही जाईन. ज्यांना तो आकडा ठाऊकच नसतो, त्यांचे आभार मानून मी एजन्सीला दुसरं गाव बघायला सांगते.